एका बटणाचं विमान

ताई गेल्याची बातमी मला हिंदीत मिळाली. ताईच्या शेजारची पूजा शेवटची दोन वर्षं तिच्या सोबतीला झोपायला यायची. तिचाच फोन होता. "मौसी, मॅडम सुबह उठीं ही नहीं..." एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मी नागपुरात, माझ्या घरी, हातात फोन धरून उभी. तोंडातून निघालं ते असं, "तिचा चहा केला होतास का?" असं का विचारलं, अजून कळत नाही. पूजा रडत रडत म्हणाली, "हौ मौसी, ठंडा हो गया." मग मात्र मी खाली बसले.

त्याला आता सव्वा महिना झाला. मी अजून इथं मध्य प्रदेशात, बालाघाटातच आहे, तिच्या घरी. पुण्यानुमोदनाच्या विधीला खूप माणसं आली. ताईनं, म्हणजे सुलोचनाबाईंनी, इथल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिच्या विद्यार्थिनी आता आज्या झाल्या आहेत. त्या आल्या, त्यांच्या सुना आल्या. भाषणं झाली. तिची शिस्त, तिचे निकाल, तिची साधी राहणी... साध्या राहणीचं ऐकून मला हसू आलं. ताईला चांगलं घड्याळ लागायचं, इस्त्रीची साडी लागायची, आणि चहा जरा जरी पाणचट झाला तरी ती कप तसाच ठेवायची. पण खरी गोष्ट कुणीच सांगितली नाही. बालाघाट जिल्ह्यात बिनतारी यंत्रानं विमान उडवणारी पहिली व्यक्ती माझी बहीण होती. ते पाहणारी माणसं आता फार उरली नाहीत. मी उरले आहे, म्हणून लिहिते आहे.

आमचं लहानपण तिरोडीचं. बाबा मँगनीजच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. गावच्या शाळेत आमच्या वस्तीच्या पोरांना पडवीत बसवत. माय पुढं कौतुकानं सांगायची, की तिथं बसूनच माझ्या लेकीला आभाळाचा नाद लागला. ताई ते ऐकून चिडायची. "आभाळ-बिभाळ काही नाही. तिथून फळा दिसत नव्हता, म्हणून मी कानानं शिकली. बस." छप्पन साली बाबा आणि माय नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. मी आठेक वर्षांची असेन. आल्यावर बाबांनी देवांचा कोनाडा रिकामा केला, भिंत सारवली आणि ताईला समोर उभं करून म्हणाले, "सुलू, आता तू शिकाचं. किती शिकाचं ते तू ठरव. म्या थांबवनार नाही." बाबा कमी बोलायचे. जे बोलायचे ते मात्र करायचे.

खाणीत चटर्जी नावाचे एक इंजिनीअर होते. मोठे हौशी. कॉलनीच्या मैदानावर खेळांचे सामने असले की ते आपलं छोटं विमान घेऊन यायचे. दोन बारीक तारांना बांधलेलं, डिझेलच्या इवल्याशा इंजिनावर चालणारं. साहेब मध्ये उभे राहून गरगर फिरायचे आणि विमान त्यांच्याभोवती घोंघावत गोल गोल उडायचं. आम्ही दोरीच्या पलीकडे बसून पाहायचो. एका वर्षी विमान उतरलं तशी ताई दोरीखालून वाकून थेट त्यांच्यापर्यंत गेली. तिनं विचारलं, "साहब, इसको तार के बिना नहीं उड़ा सकते क्या?" साहेब हसले. रागावले नाहीत. म्हणाले, "उड़ा तो सकते हैं बेटी, मगर फिर वापस कौन बुलाएगा?" ताई परत येऊन माझ्या शेजारी बसली.

पुढं ती नागपुरात कॉलेजात शिकली, वसतिगृहात राहिली, बी.एस्सी. झाली आणि बालाघाटला शिक्षिका म्हणून लागली. बाबा-माय आणि मी तिच्याकडे राहायला आलो. म्हणजे आमचं घर तिच्या नावावर चालू लागलं. वस्तीत तेव्हा एखाद्या मुलीच्या नावावर घर चालण्याची चाल नव्हती. बाबांना कुणी काही बोललं की ते सरळ म्हणायचे, "हौ, पोरीच्या घरी राह्यतो. तुले काही तरास?"

नागपूरच्या वसतिगृहातली तिची मैत्रीण नलिनी डॉक्टर होऊन विलायतेला गेली होती. सत्तर साली ती रजेवर यायची होती. येताना काय आणू, स्वेटर आणू की कॅमेरा, असं तिनं पत्रात विचारलं. ताईनं उलट टपालानं कळवलं, रेडिओ आण. नलिनीला वाटलं ट्रान्झिस्टर हवा आहे. मग ताईनं सविस्तर लिहिलं, की विमानात बसवायचा रेडिओ, जमिनीवरून हुकूम देता येईल असा. नलिनीनं कपाळाला हात लावला असणार. पण ती मैत्रीण खरी. तिनं तिथल्या दुकानातली छापील सूचिपत्रकं पाठवली आणि लिहिलं, बॅगेत एकाच खोक्याला जागा आहे, नीट विचार करून सांग.

ती सूचिपत्रकं आमच्या घरात किती दिवस पसरलेली होती! एका रविवारी चटर्जी साहेबही आले. ते आता निवृत्तीला टेकले होते, पण ताईचं शिक्षण, तिची नोकरी, सगळं त्यांनी लक्ष ठेवून पाहिलं होतं. येताना ते आपलं जुनं छोटं इंजिन कापडात गुंडाळून घेऊन आले आणि ताईच्या हातात ठेवून म्हणाले, "अब मेरे चक्कर खाने की उम्र नहीं रही." मग भिंग काढून सूचिपत्रकावर वाकले.

सूचिपत्रकातला सगळ्यात देखणा सेट दोन दांड्यांचा होता. दांडी जेवढी हलवावी तेवढंच विमानाचं शेपूट हलणार. वर, खाली, डावं, उजवं, इंजिनाचा वेगसुद्धा. साहेबांचं बोट त्याच्यावरून हलेना. "सुलोचना, यही लो. दुनिया में आजकल सब यही उड़ाते हैं. जब एक ही चीज़ आनी है, तो सबसे अच्छी आए." मलाही तेच वाटत होतं. चित्रात तो सेट हातात धरलेला एक गोरा माणूस इतका ऐटीत उभा होता, की त्याच्या जागी मी ताईला पाहूनही घेतलं होतं.

ताईनं पान उलटलं. शेवटून दुसऱ्या पानावर एक लहानसा सेट होता. एक पत्र्याची डबी, वर लांब एरियल आणि डबीवर एकच बटण. बास. विमानात काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी अशी दुसरी डबी आणि पीळ दिलेल्या रबराच्या पट्टीवर फिरून शेपूट वळवणारी एक चकती. बटण एकदा दाबून धरलं की विमान उजवीकडे वळणार. दोनदा दाबून धरलं की डावीकडे. सोडलं की सरळ. वर-खाली काही नाही, इंजिन बंद करायची सोय नाही. तेल संपलं की विमान आपसूक खाली यायचं.

"मी हा मागवून राह्यली," ताई म्हणाली.

मी चिडलेच. "काहून वो ताई? तो दोन दांड्यांचा सोडून हे खेळणं घेते?"

"त्याचे सेल चार्ज करा लागतात. आपल्या इथं लाइट कवा असते, कवा नसते. याले बाजारातले सेल चालतात. तो बिघडला तं विलायतेले पाठवा लागन. हा मी इथं, या पाटावर खोलून पाहू शकते." मग साहेबांकडे वळून ती हिंदीत म्हणाली, "और सर, वो भारी है. आपका इंजिन उसको उठाएगा?"

साहेबांनी इंजिनाकडे पाहिलं, सूचिपत्रकातलं वजन पुन्हा वाचलं आणि मान हलवली. "उठाएगा नहीं. मगर बड़ा इंजिन मिल जाएगा, मैं कलकत्ते से मँगवा दूँ. देखो, एक बटन से तुम विमान को नीचे नहीं ला सकोगी. ऊपर नहीं ले जा सकोगी. ये कंट्रोल नहीं हुआ."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ताईनंही तो दोन दांड्यांच्या सेटचा फोटो पुन्हा एकदा पाहिला... तिलाही मोह होता, हे मला त्या वेळी दिसलं. मग ती हळू म्हणाली, "सर, वो सेट सिर्फ़ मैं चला पाऊँगी. वो भी साल भर में सीखकर. मेरी क्लास की लड़कियाँ दूर खड़ी होकर देखेंगी. जैसे हम देखते थे." साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. बाबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. ते एवढंच म्हणाले, "एक बटन बरं हाय."

नलिनी दिवाळीच्या आधी आली आणि खोकं आलं. पण हवेत संदेश पाठवणारं यंत्र वापरायचं तर सरकारी परवाना लागत होता. ताईनं तो आधीच मागितला होता. चौकशीला ठाण्यावरून एक हवालदार घरी आला. "मॅडम, वायरलेस रखा है आपने?" ताईनं त्याला बसवलं, चहा दिला आणि डबी समोर ठेवून बटण दाबायला सांगितलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर ठेवलेली चकती खट्ट करून फिरली. हवालदार दचकून उठला, मग पुन्हा बसला आणि त्यानं आणखी बऱ्याचदा ते बटण दाबलं. परवाना यायला वेळ लागला, पण आला.

विमानाचा सांगाडा आम्ही दोघींनी बांधला. हलकं लाकूड साहेबांनी कलकत्त्याहून मागवलं, जिथं जोर हवा तिथं आपला बालाघाटचा बांबू तासून घातला. पंखांना रेशीम मढवायचं होतं. शिवणकाम माझ्याकडे, म्हणून तेही माझ्याकडे आलं. बाजारात हवं तसं झिरझिरीत कापड मिळेना, तेव्हा मी माझं फिकट पिवळं रेशमी पातळ काढून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. ताई पातळाकडे बघत म्हणाली, "लग्नात काय नेसशील?" मी म्हटलं, "तवा तू नवीन घेऊन दे." ते पातळ पंखांवर ताणून, वरून रोगण लावून वाळवलं तेव्हा ढोलाच्या कातड्यासारखं टणक झालं. इंजिनाचं तेल म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं ईथर. आमच्या स्वयंपाकघरात त्या हिवाळ्यात सगळ्या भाज्यांना दवाखान्याचा वास येत होता. माय कुरकुरायची आणि शेजारणी आल्या की त्याच वासाची बढाई मारायची.

विमानातली डबी जुळवताना ताई कानाला इअरफोन लावून बसायची. यंत्र चालू असलं की त्यात एक बारीक सूंऽऽ असा आवाज असतो, आणि पाठवणाऱ्या डबीचं बटण दाबलं की तो आवाज एकदम थांबतो. ती शांतता किती स्वच्छ आहे, यावरून सूर बरोबर लागला की नाही ते कळतं. मी अंगणाच्या पार कडेला जाऊन बटण दाबायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. पडवीत बसून कानानं शिकलेली माझी बहीण तेव्हा कशी दिसायची, ते मला लिहिता येणार नाही.

उडवायला मोकळी जागा हवी होती. तिच्या वर्गातली सरिता लामता गावची. तिचे वडील किसनजी, मोठे शेतकरी, म्हणाले, "धान कापून झाला हाय, शेतातल्या बांध्या मोकळ्या हायेत. आना तुमचं इमान." म्हणून एका रविवारी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं आम्ही लामत्याला निघालो. ताई, मी, बाबा, चटर्जी साहेब आणि वर्गातल्या बऱ्याच मुली. पंख माझ्या मांडीवर होता. गार्डनं विचारलं, "ये क्या है, पतंग?" सगळ्या मुली एकदम ओरडल्या, "हवाई जहाज़!"

पहिलं उड्डाण फसलं. मी धावत जाऊन विमान हातातून सोडलं, ते छान वर चढलं, आणि ताईनं बटणाला हात लावायच्या आतच स्वतःहून डावीकडे झुकलं, झुकतच गेलं आणि बांधावर आदळलं. माझ्या पातळाच्या चिंध्या झाल्या. किसनजींनी "असू द्या, असू द्या" म्हटलं ते तर जास्तच लागलं. परतीच्या गाडीत मोडका पंख मांडीवर घेऊन ताई बसली होती. मला वाटलं आता साहेब म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले ते वेगळंच. "ज़मीन पर ठीक था, हवा में बिगड़ा. इंजिन के झटके से तुम्हारी चकरी अपने आप चल गई. उसको बिस्तर दो, सुलोचना. नरम बिस्तर." ताईनं मान वर केली. तिचा चेहरा उजळला. चूक सापडली की ती अशीच दिसायची, वर्गातसुद्धा.

तिनं आतल्या डबीला स्पंजात गुंडाळलं, चकतीखाली स्पंज घातला, इंजिनाचे स्क्रू नव्यानं बसवले. मी उरलेल्या पदरानं नवा पंख मढवला. दरम्यान शाळेत कुजबुज झालीच. एक शिक्षक म्हणाले, बाईंनी पोरींना घेऊन हे उद्योग कशाला करावेत. पुढच्या वेळी ताई आणखी मुली घेऊन निघाली.

या वेळी हवा पडलेली होती. ताईनं टाकीत थोडंच तेल घातलं. साहेबांनी पंखा फिरवून इंजिन सुरू केलं आणि मी सोडलं. विमान चढलं, सरळ चढत राहिलं. ताई स्वतःशी पुटपुटत होती, "जा... जा बाई..." मग तिनं बटण दाबलं. उंचावरचा तो पिवळा ठिपका शहाण्यासारखा उजवीकडे वळला. सोडलं, सरळ. दोनदा दाबलं, डावीकडे. मुलींनी एकच गिल्ला केला. किसनजी डोक्यावरचं मुंडासं धरून मागं मागं जात आभाळ पाहत होते. चटर्जी साहेबांनी टोपी काढली होती. विमान आमच्या डोक्यावरून एक मोठी फेरी घेऊन आलं तेव्हा ताई बाबांजवळ गेली आणि तिनं ती डबी त्यांच्या हातात दिली.

"बाबा, दाबा."

"मी? अवं, पडन ते!"

"नाही पडत. ते आपलं आपलं उडते. तुमी फक्त त्याले सांगा, इकडे वळ म्हणून."

बाबांचे हात फिटरचे, जाडजूड, नखांत कायमची काळी रेघ. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबून धरलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वर, आमच्यापासून कितीतरी दूर, ते विमान वळलं. बाबांनी अंगठा उचलला, ते सरळ झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. "आयकून राह्यलं गा..." ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ठाऊक नाही. "सुलू, आयकून राह्यलं माह्यं!" आयुष्यभर साहेबांचे, मुकादमांचे, कुणाकुणाचे हुकूम ऐकलेला माझा बाप आभाळाकडे तोंड करून हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

तेल संपलं, इंजिन गप्प झालं. ताईनं डबी परत घेतली आणि घारीसारखं तरंगत आलेलं विमान दोन-तीन वळणांत कापलेल्या धानाच्या खुंटांवर उतरवलं. मुली धावल्या. पुन्हा तेल भरलं. मग सरितानं बटण दाबलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. दुपारच्या गाडीपर्यंत प्रत्येक मुलीच्या अंगठ्यावर ते विमान वळलं. चटर्जी साहेब बांधावर बसून शेंगा खात होते. मला म्हणाले, "तुम्हारी दीदी ने ठीक चुना. मैं ग़लत नहीं था, मगर उसने ठीक चुना." हे वाक्य मी ताईला गाडीत सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत "हूं" म्हणाली, आणि जरा वेळानं, "पुन्हा सांग, काय म्हणाले?"

ते विमान पुढं बरीच वर्षं उडालं. लामत्याला, परसवाड्याला, शाळेच्या प्रदर्शनात. शेवटी एका वाऱ्याच्या दिवशी ते जंगलाच्या दिशेनं निघून गेलं आणि परत आलं नाही. ताईला त्याचं फार दुःख झालं नाही. "पोहोचलं असन कुठंतरी," म्हणाली. डबी तिनं सरिताला देऊन टाकली. सरिता तोवर स्वतः विज्ञान शिकवू लागली होती. माझ्या लग्नात ताईनं मला पिवळं पातळ घेतलं, आधीच्यापेक्षा कितीतरी भारी. बाबा गेले तेव्हा आम्हाला भेटायला येणाऱ्यांत लामत्याचे लोक होते. ते त्यांना "विमानवाले बाबा" म्हणत. हे त्यांच्या कानावर जिवंतपणीच आलं होतं, आणि आवडलं होतं.

निवृत्तीनंतर ताईनं घराची पुढची खोली वस्तीतल्या मुलींना अभ्यासाला दिली होती. संध्याकाळी दार उघडं असायचं, कुणीही यावं, चटई घ्यावी, बसावं. ती शिकवत असे असंही नाही. अडलं तर विचारायचं, नाहीतर ती आपल्या खुर्चीत वाचत बसलेली. ती गेल्यावर मला वाटलं, आता हे थांबेल. मी काही गणित-विज्ञानातली नव्हे. पण कार्य आटोपलं आणि दोनच दिवसांनी संध्याकाळी दाराशी चपलांचा आवाज झाला. पूजा, आणि तिच्या मागं आणखी चारपाच जणी. "मौसी, बैठ जाएँ?" मी म्हटलं, "बसा, पण मले काही येत नाही हां." पूजा हसली. "हौ मौसी, मालूम है."

त्या बसल्या. ताईच्या खुर्चीत कुणी बसलं नाही, पण खुर्ची मध्येच होती आणि तिच्या भोवतीनं चटया पडल्या. थोड्या वेळानं एक लहान मुलगी अडली, तर पूजा सरकून तिच्याजवळ गेली आणि समजावू लागली. तिनं उत्तर सांगितलं नाही. वही त्या मुलीकडे परत ढकलली आणि थांबली, हात मांडीवर ठेवून, मान जराशी कलती करून. ताई अशीच थांबायची. मी दारातून बघत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. मुलीनं वहीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पूजाकडे पाहिलं. मी आत जाऊन दिवा लावला.